झाकणापलीकडचा आवाज

मिरची कांडपाच्या गिरणीवरून जाताना ठसका लागला की मला भिवापूरचं ते मिरचीचं जुनं गोदाम आठवतं. एका जुन्या भयकथेवरचा आमचा छोटासा सिनेमा, आणि त्यातली जिवंत पुरलेली बहीण मी. मी आतून ठोकलं की झाकण लगेच उघडायचं, असं ठरलं होतं. पेटीत मिरचीची धूळ नाकातोंडात गेली, श्वास कोंडला, मी ठोकत सुटले, किंचाळले. झाकण निघालं ते शॉट संपल्यावरच. बाहेर येताच मी दिग्दर्शकाच्या कानाखाली वाजवली, पण राग तेवढ्यानं गेला नाही. नागपुरात लोक आजही त्या किंकाळीचं कौतुक करतात. मला मात्र झाकणापलीकडून सहायकाला दटावणारा तो नालायक ऐकू येतो, "उघडू नको गा, मस्त ओरडून राहिली!"