जिन्याखालचा डोह

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माशांच्या टाकीतल्या लाकडाला झाड बांधणं. मी लाकूड धरलं, बायकोनं शिवणाच्या दोऱ्यानं त्यावर ते पाण्यातलं झाड बांधलं. मी म्हणालो, "वाळूत खोच की सरळ." म्हणाली, "मूळ पुरलं की कुजतं त्याचं. त्याला नुसतं धरायला कायतरी लागतं. तुमच्यासारखं." दुपारी तिच्या छातीत दुखलं आणि संध्याकाळी ती गेली.

माणसं जमली, रडली. मी टाकीसमोर बसून राहिलो. जिन्याखालच्या अंधारात तिनं ती टाकी मांडली, तेव्हा मी तिला येडी म्हणालो होतो. झाडाला ऊन नको? पण तिनं झाडंच अशी आणली, ज्यांना ऊन सोसत नाही. लाकडाचा रंग उतरून पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. आमच्या ओढ्याच्या डोहात, करंजाच्या सावलीत अस्संच दिसायचं. पाला हलायचा आणि मागनं मासा यायचा. काय बाई होती! अख्खा डोह उचलून घरात आणला. उन्हात काय, काहीही वाढतं. थोडक्यात भागवून हिरवं राहायचं, हे अवघड.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाची पूजा बंद होती. मी माशांच्या खाण्याचा डबा काढला, तशी थोरली बहीण ओरडली, "अरे, सुतक आहे घरात!"

"आक्का, ती गेली हे माशांना कुणी सांगितलंय?" म्हणालो, आणि चिमूटभर दाणे पाण्यावर सोडले.