भाड्याचं जहाज आणि सरकारी नोकरी

ठाणे अंमलदाराने माझ्या टेबलावर ठेवलेला तो मोबाइल आणि त्यातला फोटो निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. नावं मुद्दाम देत नाही. त्या माणसांना पुन्हा त्रास नको.

पोलीस निरीक्षक म्हणून माझी नेमणूक तेव्हा शहाद्याला होती. फोटो आणला होता लोणखेड्याच्या एका माजी सैनिकाने. मालवाहू जहाजाचं पोट, साखळ्यांनी जखडलेल्या लष्करी गाड्या आणि पुढे अंगठा वर करून उभा असलेला एक तरुण.

"गावाच्या ग्रुपवर फिरतोय साहेब," माजी सैनिक म्हणाला. "आम्ही असं केलं असतं तर कातडं सोललं असतं."

डायरीत नोंद घेतली, वरिष्ठांना कळवलं. जहाज खाजगी कंपनीचं निघालं. लष्कराचं सामान पोहोचवायला सरकारने ते करार करून भाड्याने घेतलं होतं. खलाशांना फोटो काढायला सक्त मनाई होती. तरुण त्यातलाच एक खलाशी, आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. हेतू वाईट निघाला असता, तर सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा दाखल होऊन तो थेट तुरुंगात गेला असता.

वडिलांना ठाण्यात बोलावलं. टोपी गुडघ्यावर ठेवून ते बाकावर बसले.

"फोटू कुठून उना, माले माहीत नई."

फोटो कुठून आला ते माहीत नाही, हे त्यांनी अहिराणीत इतक्या वेळा सांगितलं, की माझा हवालदार वैतागला. माझा अनुभव असा, की गुन्हा लपवणारा माणूस गोष्टी रचतो. यांना काहीच रचता येत नव्हतं. पंचनामा करून त्यांचा मोबाइल जप्त केला. मुलाकडून आलेला फोटो त्यांनी फक्त एकाच माणसाला पाठवला होता, प्रकाशा गावच्या एका बागायतदाराला. त्याला लग्नाच्या वयाची मुलगी होती.

मी चहा मागवला. "पोराचं जमतंय वाटतं?"

त्यांनी टोपी डोळ्यांना लावली. "पोरवाला म्हनेत, जहाज कंपनीनं शे, मंग नोकरी सरकारी कशी? मी पोऱ्याले सांगं, काही तरी दखाड. साहेब, चूक मन्ही शे. तेले सोडा." मुलीकडच्यांना सरकारी नोकरीचा पुरावा हवा होता, म्हणून यांनीच मुलाला फोटो पाठवायला सांगितलं होतं.

मुलीच्या वडिलांचा जबाब घ्यायला मी साध्या कपड्यांत, मोटारसायकलवर गेलो. पोलिसांची गाडी दारात लागली तर गावात काय बोलतील, हे ठाऊक होतं. ते पपईची प्रतवारी करत होते. ग्रुपवर फोटो त्यांनीच टाकला होता, होणाऱ्या जावयाच्या कौतुकाने. सगळं खरं सांगितलं, मग मला बाजूला घेतलं.

"एक सांगा साहेब. पोऱ्या सरकारी कामवर शे का नई?"

"मला त्यावर बोलता येणार नाही."

मग त्यांचा चेहरा उजळला. "ज्या कामबद्दल पोलिससले बी बोलता येस नई, ते सरकारीच ऱ्हाई ना!"

मला हसू आलं. तर्क बिनचूक होता. फक्त त्याच सकाळी वरिष्ठांनी मला सांगितलं होतं, की जहाज पुढच्या बंदराला लागताच मुलाला उतरवणार आणि त्याला पुन्हा अशा जहाजावर घेणार नाहीत. तेही बोलायची परवानगी नव्हती.

हेतू वाईट नसल्याचा अहवाल मी दिला. गुन्हा दाखल झाला नाही. मुलगा सुटला, नोकरी गेली. पण तो घरी पोहोचायच्या आत वडीलधाऱ्यांनी साखरपुडा उरकला होता आणि मुलीकडच्यांनी शब्द मोडला नाही. लग्नाची पत्रिका मलाही आली. मी गेलो नाही.

काही वर्षांनी शहाद्याच्या बसस्थानकावर मुलीचे वडील भेटले. मी आपणहून विषय काढला. "तेव्हा मला बोलता येत नव्हतं, काका."

"माहीत शे. जावई आते शेती करस. पोर सुखमा शे, तक्रार नई." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही बोलनात नई, ते बराबरच. पन तुम्ही हासनात, साहेब."

एवढं म्हणून ते प्रकाशाच्या गाडीत चढले.

नोकरीभर मी लोकांचे चेहरे वाचत आलो. समोरचा माणूसही माझा चेहरा वाचतो आणि त्यावर आपल्या लेकीचं लग्न ठरवतो, हे मला त्या दिवशी कळलं. तोंड बंद ठेवायचा आदेश होता, तो मी पाळला. हसायला मला कोणी सांगितलं नव्हतं.