गाडीला ओढ आहे

मी चौथी शिकलो. हे माझी सून प्रज्ञा कम्प्युटरवर टाईप करतीय, पण शब्द माझे आहेत. ती मधेच सुधारायला लागली की मी ओरडतो. चुका दिसल्या तर त्या माझ्या.

आधीच सांगतो — भूत, करणी, बाहेरचं, असलं काही मी मानत नाही. छप्पन साली माझ्या बापानं दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. त्या घरात वाढलोय मी. तुम्ही लोक इथं लिहिता ते सून वाचून दाखवते... अमावस्या, रात्रीचे बारा, पांढरी साडी. मला हसू येतं. माझ्याबरोबर जे झालं ते भर सकाळी, उन्हात, कर्वे रोडवर, रस्ताभर माणसांसमोर झालं.

आम्ही राहायला येरवड्यात, जेलच्या मागच्या बाजूला. मी जन्मभर टेम्पो चालवला, हडपसरहून मार्केट यार्डात भाजी. मुलगा मिलिंद कम्प्युटर शिकला, आयटी कंपनीत लागला. बायकोचं नाव गया. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि आम्हाला परवडेल असं हॉस्पिटल कोथरूडला. म्हणजे पुण्याच्या ह्या टोकापासून त्या टोकाला. येताना बसमध्ये ती ओकायची, लोक नाकाला रुमाल लावायचे. मिलिंदला ते बघवेना. त्यानं गाडी घेतली. पांढरी, छोटी, शोरूममधून कोरी करकरीत. आईला डायलिसिसला न्यायला. बाकी कशाला नाही.

शोरूममध्ये त्या टायवाल्या पोरानं चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मिलिंद म्हणाला, "आमच्यात हे नसतं." तो म्हणाला, "राहू द्या ना सर, फ्री आहे." मी वाकून चारी उचलली आणि खिशात घातली. संध्याकाळी सरबत केलं. गाडी आणताना मिलिंद चालवत होता, मी शेजारी. गाडी लोण्यासारखी आली. तेव्हा गया आमच्याबरोबर नव्हती, हे लक्षात ठेवा.

पहिल्यांदा तिला घेऊन निघालो. मिलिंद चालवत होता, ती त्याच्या शेजारी डाव्या सीटवर, मी मागं. बंडगार्डनच्या पुलावर गाडी एकदम डावीकडे गेली. गेली म्हणजे वळली नाही... कुणी दोरी बांधून ओढावी तशी ओढली गेली. शेजारनं एक स्कूटरवाला चालला होता. गाडी आणि कठडा यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी मागं बसून ऐकला.

मग पब्लिक. पुण्याचं पब्लिक आधी मारतं, मग विचारतं. मिलिंदला कॉलर धरून बाहेर ओढलं, तोंडावर बुक्क्या, ओठ फाटला. मी मधे पडलो तर मला लाथ. तेवढ्यात गया दार उघडून उतरली. पाय सुजून खांबासारखे झालेले, तरी उतरली, आणि चप्पल काढून ज्याला लागेल त्याला हाणायला लागली.

"माझं पोरगं चुकलं असंल तर पोलिसात द्या! मारताय कशाला, भाडखावांनो?"

तिचा हात, त्यातली डायलिसिसच्या सुया टोचून फुगलेली शीर बघून लोक मागं सरले. त्या स्कूटरवाल्याला आम्हीच ससूनला नेलं. रिक्षानं.

मी मिलिंदला शिव्या घातल्या. म्हटलं, कम्प्युटरवाल्याचे हात तुझे, माऊस फिरवणारे. स्टेअरिंग माझ्याकडं दे. पुढच्या खेपेला मीच बसलो. कर्वे रोडला लागलो आणि गाडी परत डावीकडे. मी अख्खी ताकद लावून स्टेअरिंग उजवीकडे धरलं. आयुष्यभर मी विनापॉवरची स्टेअरिंगं फिरवलीत, माझे दंड बघा कधी. ते चाक माझ्या हातातून असं फिरलं की उजवा अंगठा मोडला. कडकन. गाडी फुटपाथवर चढली, एका भाजीवालीची पाटी चिरडून थांबली. बाई नेमकी पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. अंगठा अजून वाकडा आहे, येऊन बघा.

तसाच गयाला हॉस्पिटलात सोडलं. मग डाव्या हातानं एकटाच गाडी फिरवली. कोथरूड, पौड फाटा, परत. सरळ. हात सोडले तरी सरळ! तिला घ्यायला गेलो, ती सीटवर बसली, आणि गेटातून निघतो न निघतो तर परत डावीकडे ओढ.

गया माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "अवो, मी बसले की वढती बघा ही."

मी म्हटलं, "येडी हायस का?"

"मग मला तुमच्या मागं बसवा. बघू."

ती माझ्या मागं बसली, उजवीकडे. गाडी उजवीकडे गेली. समोरून बस. बसनं आमचा आरसा, दार, सगळं खरवडून नेलं. बसचा ड्रायव्हर उतरला आणि माझ्या आईचं नाव घेतलं. मी गयाकडं बघत होतो. म्हाताऱ्या बायकोचं वजन ते किती... पिशवीभर हाडं.

सर्व्हिस सेंटरला गाडी टाकली. तिथला सुपरवायझर, गोरा, चष्मेवाला, म्हणाला, "तुम्ही सांगताय त्यावरनं गाडीला डाव्या अंगाला ओढ आहे. अलाइनमेंट करून देऊ." केली. मग टायर बदलले, मग स्टेअरिंगचा अख्खा सेट बदलला. प्रत्येक वेळी हेच: "आजोबा, आम्ही ट्रायल घेतली. काही प्रॉब्लेम नाही. आपल्या चालवण्यात असेल."

शेवटी मी आणि मिलिंद गयालाच रिक्षानं घेऊन गेलो. त्याला म्हटलं, "हिला शेजारी बसव आणि चालव." तो हसला. "आजी बसल्यानं काय फरक पडणार?" मी त्याची कॉलर धरली आणि काउंटरवरून अर्धा बाहेर ओढला. सिक्युरिटीवाला धावत आला, त्यानं माझ्या जबड्यावर कोपर मारलं, दात हालला. मिलिंद त्याच्यावर धावला. फोन, फाइली, कुंडी, सगळं खाली. गया खुर्चीत बसून ओरडत होती, "आरं, आधी ट्रायल घ्या! मग मरा एकमेकांना!"

घेतली ट्रायल. सुपरवायझर स्टेअरिंगवर, गया डावीकडे. आम्ही गेटात उभे. गाडी कंपाउंडमधनं बाहेरच पडली नाही. डावीकडे वळून वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनवर गेली आणि केबिन आडवी केली. वॉचमन उडी मारून सुटला. सुपरवायझर दार उघडंच टाकून उतरला. गया काच खाली करून म्हणाली, "काय साहेब, सापडला का प्रॉब्लेम?"

तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजोबा, गाडी ठेवा, आम्ही सगळं परत खोलतो. पण तोवर आजींना दुसऱ्या गाडीनं नेलंत तर?"

नेलं. रिक्षानं नेलं, बसनं नेलं, शेजाऱ्याच्या ओमनीनं नेलं. कुठं काही नाही. सगळ्या गाड्या सरळ.

गयाचा भाऊ बाळू, तो मात्र ऐकेना. आमच्यासारखाच दीक्षेचा, पण बायकोच्या नादानं सगळं करतो. गाडी सर्व्हिसिंगहून परत आल्यावर त्यानं बंपरला लिंबू-मिरची बांधली. मला सांगून बांधली. मी अडवलं नाही. गया औषधाची पिशवी घेऊन बाहेर आली, तिनं ते बघितलं. वाकता येत नव्हतं तरी वाकली. तोडलं आणि गटारात फेकलं.

"ताई, जिवाचा प्रश्न हाय," बाळू म्हणाला.

"जीव माझा हाय. मशिन बिघडलं तर मशिन दुरुस्त करा. लिंबाला भिऊन जगायचं आसतं तर सासऱ्यानं देव कशाला सोडले नदीत?"

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि तुम्ही उभं राहून बघत व्हता?" मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

त्याच आठवड्यात रिक्षावाल्यांचा बंद झाला. एक डायलिसिस आधीच चुकलं होतं. तिला दम लागायला लागला, आडवं होता येईना, बसून रात्र काढली. ओमनीवाला गावाला. बसमध्ये चढण्यासारखी ती राहिली नव्हती. अँब्युलन्सला फोन लावला तर म्हणे थांबा, थांबा. दारात गाडी उभी. सगळं बदललेली, ओके करून दिलेली.

मिलिंद रडायला आला. "आई, कशी नेऊ तुला?"

ती धापा टाकत म्हणाली, "डावीकडं बसले तर डावीकडं, उजवीकडं तर उजवीकडं. मग मला मधी बसवा. तराजूच्या काट्यावानी."

मागच्या सीटवर मधोमध बसवली. दोन्ही बाजूंना उशा लावल्या. माझा अंगठा प्लास्टरमध्ये, म्हणून मिलिंद चालवायला, मी त्याच्या शेजारी. हळू निघालो. पूल आला. गाडी सरळ. स्टेशन, सरळ. डेक्कन, सरळ. कर्वे रोडला लागल्यावर मिलिंद पहिल्यांदा हसला. मागनं गया म्हणाली, "बघा, सरळ चाललीय. उगीच बोंबलत व्हता."

ते तिचं शेवटचं बोलणं.

पुढं सिग्नलला ट्रक थांबलेला. लोखंडी सळ्या भरलेला, फळीच्या बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं. मिलिंदनं लांबूनच ब्रेक दाबला. मी बघत होतो त्याच्या पायाकडं. गाडी थांबली नाही. त्यानं परत दाबला, सीटवरनं उठून दाबला, हँडब्रेक ओढला, माझ्याकडं बघून "आप्पा! आप्पा!" ओरडला. त्यानं डावीकडे वळवायला बघितलं. जी गाडी महिनाभर डावीकडे पळत होती ती तेव्हा तसूभर वळली नाही. सरळ गेली. अगदी सरळ.

काच फुटली. सळ्या आमच्या दोघांच्या मधनं आत गेल्या. माझ्या कानाला वारा लागला. मला खरचटलं नाही. मिलिंदला खरचटलं नाही. मी मागं वळून बघितलं.

ते मी लिहिणार नाही. प्रज्ञा, ते तसंच सोड.

पोलिस म्हणाले पोरानं ब्रेकच दाबला नाही, रस्त्यावर टायरची रेघ नाही. आईला मारणारा, असं कुजबुजले लोक. मी चौकीच्या आवारात गेलो. तिथं गाडी उभी होती. शेजारच्या जप्त ट्रकमधनं टॉमी काढली, चाकाचे नट खोलायची ती लोखंडी दांडी, आणि गाडीवर घातली. बॉनेट, दिवे, दार, दिसेल तिथं. मोडक्या अंगठ्यातनं रक्त प्लास्टरबाहेर आलं. हवालदार चहा पीत बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आजोबा, बास आता. तो मुद्देमाल आहे. जास्त तुटला तर मला लिहावं लागंल."

मग तपासणीचा इन्स्पेक्टर आला. त्यानं गाडीखाली शिरून सगळं बघितलं, माझ्यासमोर ब्रेक लावून चाकं फिरवून बघितली. ब्रेक चांगला. पाइप चांगले, ऑइल भरलेलं. आणि ब्रेकचं पेडल वाकलेलं. लोखंडी पेडल, माणसानं जीव खाऊन दाबल्यावर वाकावं तसं. इन्स्पेक्टरनं ते हातात धरून बघितलं. म्हणाला, "पेडल वाकलंय, म्हणजे पोरानं दाबलं होतं. ब्रेक चांगला आहे, म्हणजे गाडी थांबायला पाहिजे होती. दोन्ही खरं कसं असेल?" मला विचारत होता. मला!

त्या पेडलावर मिलिंद पुढं केसमधनं सुटला. पण तेव्हापासून त्यानं स्टेअरिंगला हात लावला नाही. कंपनीत बसनं जातो.

गया गेल्यानंतरच्या जलदान विधीला बाळू भरल्या घरात म्हणाला, "लिंबू काढलं नसतं तर ताई आज असती." मी उठलो आणि त्याच्या तोंडात मारली. तो पडला, मी परत मारली. चार जणांनी मला धरलं. मेलेल्या बायकोनं शेवटपर्यंत जे मानलं ते हा माणूस खोटं पाडतोय, असं मला वाटलं. आज तो माझ्याशी बोलत नाही. बरंय.

गाडी एका गॅरेजवाल्यानं घेतली, नीट केली, विकली. मी माग काढला. आता ती हडपसरला एका तरुण ड्रायव्हरकडं आहे, आयटीवाल्यांना आणतो-सोडतो. मी त्याला गाठलं. माझं नाव, काम, काही सांगितलं नाही. भाडं देतो म्हटलं, एक चक्कर मार.

"कुठं जायचं काका?"

"कुठंही. ट्रॅफिक असंल तिकडं."

मागं बसलो. आधी डावीकडं. सरळ चालली. मग सरकून उजवीकडं. सरळ. मग मधे. तो आरशातनं बघत होता, म्हातारा सरकतोय कशाला म्हणून. मगरपट्ट्याच्या सिग्नलला पुढं एक ट्रक थांबलेला दिसला. मी पुढच्या दोन्ही सीटा घट्ट धरल्या आणि त्याला म्हटलं, "जोरात घे." हसला आणि घेतली. मी डोळे मिटले नाहीत.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. ट्रकच्या चांगली अलीकडं, जागच्या जागी.

"गाडी कशी आहे रे?" मी विचारलं.

"मक्खन आहे काका. घेतल्यापासून पानासुद्धा लावला नाही."

लोक मला विचारतात, त्या दिवशी ती का थांबली नाही. मला ते माहीत नाही, इन्स्पेक्टरला माहीत नाही, कंपनीच्या चष्मेवाल्याला माहीत नाही. पण मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. आता का थांबते?

सिग्नल सुटला. मी म्हटलं, "परत एकदा जोरात घे." त्यानं घेतली, दाबला, थांबली. "परत." परत थांबली. मग त्यानं गाडी बाजूला लावली, मागं वळला, माझं तोंड बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, उतरता का? मला पोरींना सोडायचंय कंपनीत."

मला उतरता येईना. मी मधे बसून होतो, गया बसली होती तिथंच.