सुभेदारांचा दक्षिण सुदान

म्हसवडला आमच्या शेजारी राहणारे सुभेदार शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला जाऊन आले, त्याला बरीच वर्षं झाली. पण मनानं त्यांचा एक पाय अजून तिकडंच आहे. सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत ते अख्खा देश सांगून टाकतात. इतिहास: "उत्तरवाल्यांशी भांडून वायलं निघालं, आन मग आपसात जुंपली. भावकी, दुसरं काय." धर्म: "रविवारी चर्च. पण गाय आजारी पडली की जुना देव. आपल्यावानीच." माणसं मात्र त्यांना लवकर आवरत नाहीत. अंगाला राख फासून गुरांमागं फिरणारी, लाडक्या बैलावर गाणी रचणारी ती ताडमाड माणसं बोलण्यात आली की सुभेदारांचा आवाज हळवा होतो. मी पेपर तोंडापुढं धरतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाची बैठक होती. मुलगा तिला मनापासून आवडला होता. चहा झाल्यावर मुलाचे मामा म्हणाले, "आमची मागणी कायबी न्हाई. पोराला एक चारचाकी दिली तरी बास."

सुभेदार उठले आणि पाहुण्यांना मागच्या रिकाम्या गोठ्यात घेऊन गेले. गोठा लख्ख झाडलेला होता.

"तिकडं पोराकडचं लोक पोरीच्या बापाला गाई देत्यात," ते म्हणाले. "जागा करून ठेवलीय. कवा आणताय, तेवढं सांगा."

मामा दावणीकडं बघत राहिले. शेवटी मुलगाच हळूच म्हणाला, "मामा, गाडीचं ऱ्हाऊ द्या. आवं सुभेदार, एक शेळी चालंल का?"

सुभेदारांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तिकडं शेळीवर कुणी पोरगी देत न्हाई," ते म्हणाले. "पण आपण म्हसवडात हाय."