सिनेमातली कुत्री

जुना टेबललॅम्प लावला की बल्बवरची धूळ तापते, आणि त्या वासासरशी मला छावणी भागातल्या आमच्या शाळेचा हॉल आठवतो. गुलामांवरचा एक सिनेमा सहावीच्या पोरांना दाखवावा का, हे ठरवायला मुख्याध्यापकांनी इतिहासाच्या सरांना आणि मला तो आधी बघायला बसवलं होतं. मी तिथं नवा शिक्षक, सर माझ्या वडिलांच्या वयाचे. खिडक्यांना काळे पडदे लावलेले, आत प्रोजेक्टरच्या तापलेल्या बल्बवरच्या धुळीचा वास कोंडून गुदमरायला होत होतं. सिनेमात एक बाई लेकराला पोटाशी धरून उसातून पळत होती आणि मागून मालकाची कुत्री भुंकत येत होती. तेवढ्यात सरांनी अंधारात माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता आणि पकड सुटेना. यांना काही झालं की काय, या भीतीनं मी कसाबसा उठून प्रोजेक्टर बंद केला. "निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी लोक आमच्या जिवावर उठले, तेव्हा आम्ही असंच ज्वारीत लपलो होतो," सर हळू आवाजात म्हणाले. "कुत्री जवळ आली तसं अम्मीनं माझं तोंड दाबून धरलं. श्वास घेता येईना." मी विचारलं, "मग नको म्हणून सांगू का?" "नाय, दाखवा. पोरांना कळू द्या. फक्त कुत्री येतात तिथं आवाज बंद करा." दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. हॉल एकदम शांत झाला. मागं वळून पाहिलं, तर शेवटच्या बाकावर सर स्वतःचं तोंड हातानं घट्ट दाबून बसले होते. अजूनही हा वास आला की मी आधी मनगट चोळतो, मग दिवा मालवतो.