लोड्याची खोटी आकडी

शिट्टीकाकांनी अठ्ठावीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर पंचगिरी केली. गुडघा धरून गडाबडा लोळणारा खेळाडू खरंच कळवळतोय की पेनल्टीसाठी सोंग करतोय, हे आपल्याला एका नजरेत कळतं, असा त्यांचा दावा होता. काकू हा दावा रोज जेवताना ऐकत आणि मुकाट्याने जेवत.

निवृत्तीनंतर मैदान सुटलं, उरला लोड्या. नऊ वर्षांचा हा कुत्रा म्हणजे चालताबोलता दवाखाना. थायरॉइडमुळे फुगलेला, उजव्या कानाने ठार बहिरा, लिव्हर अधू. तेवढ्याने भागेना म्हणून की काय, त्याला आकड्या यायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की आकडी आली तर धरायचं नाही, तोंडात बोटं घालायची नाहीत, आजूबाजूच्या खुर्च्या हटवायच्या, घड्याळ लावायचं आणि वहीत लिहायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर तडक दवाखाना. काकांनी जुनं स्टॉपवॉच गळ्यात अडकवलं. आणि आकडी ओसरली, की एरवी उकडलेल्या भोपळ्यावर दिवस काढणाऱ्या त्या बिचाऱ्याला ते एक अंडं उकडून द्यायला लागले. इथेच घोळ झाला.

महिन्याला दोन येणाऱ्या आकड्या आठवड्याला पाच यायला लागल्या. वही बघून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या.

"काका, असंच चाललं तर सोमवारी डोस वाढवावा लागेल. पण याच्या लिव्हरला तो झेपेल की नाही, खरंच सांगता येत नाही."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

शनिवारी सकाळी लोड्या बाहेरच्या खोलीत आला. टेबल टाळून त्याने मऊ सतरंजी निवडली, काका बघतायत ना याची खात्री केली आणि अंग टाकून पाय झाडायला सुरुवात केली. काकांनी घड्याळ दाबलं. काकू अंड्याची बशी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी बशी डावीकडे नेली. लोड्याचा डोळा डावीकडे गेला. उजवीकडे नेली, डोळा उजवीकडे.

"अहो पंचसाहेब, याला कार्ड दाखवा!"

"अगं, काहीतरीच काय!" म्हणत काकांनी बशी स्वतः फिरवून पाहिली. मग कपाटातलं पिवळं कार्ड काढून लोड्याच्या नाकासमोर धरलं. लोड्याने ते चाटलं.

रविवारभर काका वही घेऊन बसले. ज्यांत डोळे थिजले होते, लादी ओली झाली होती, त्याच आकड्या ठेवल्या. बाकी सगळ्या सतरंजीवरच्या, त्या खोडल्या. महिन्याभरातल्या खऱ्या उरल्या दोन. सोमवारी सगळं ऐकून डॉक्टरीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. डोस होता तेवढाच राहिला. अंड्याचं पांढरं मात्र रोज, आकडी येवो न येवो, असं ठरलं. सोंग आपोआप बंद पडलं. काका आठवडाभर छाती काढून फिरले, जणू त्यांनीच पकडलं होतं.

मग एका दुपारी लोड्या कुणाकडेही न बघता उघड्या लादीवर कोसळला. डोळे थिजलेले. काकांनी खुर्च्या हटवल्या, घड्याळ दाबलं. एक मिनिट दहा सेकंद. उठल्यावर तो भिंतीला धडकला, काकांना ओळखेना. बऱ्याच वेळाने येऊन त्याने ओली हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर टेकवली.

काकांनी वहीत वेळ लिहिली. मग त्याच्या डाव्या, ऐकू येणाऱ्या कानाशी वाकले.

"सतरंजीवर लोळ रे बाबा. रोज लोळ. मी रोज फसतो."