मुद्रितशोधन आणि आमचा मिठाचा वाफा

मी तिसरी शिकलोय. पण न कळणारा शब्द कुणी समोर टाकला, तर अर्थ विचारल्याशिवाय मी त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही.

आमच्या गावच्या मिठागरांवर शाळेतल्या बाई पुस्तक काढतायत. मिठागरं बुजली, तिथं आता कंटेनर उभे असतात, म्हणून. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. परवा छापखान्यातून आलेली कच्ची पानं घेऊन त्या ओट्यावर आल्या. "काका, मुद्रितशोधन करायचंय."

"ते काय असतं बाई? औषध की पूजा?"

बाई हसल्या. मुद्रा म्हणजे शिक्का, राजेलोक कागदावर उठवायचे तो. शिक्का उठला की ते मुद्रित. पुढं छापखाने आले, तसं छापलेल्यालाही तेच म्हणू लागले. आणि शोधन संस्कृतातलं, मळ काढून शुद्ध करणं.

"मग छापायच्या आधीच का नाही काढत मळ?"

"छापल्याशिवाय दिसत नाही, काका."

हे पटलं. खाडीचं पाणीही नितळच दिसतं, गाळ कळतो तो आटल्यावर.

बाई वाचू लागल्या. "वाफ्याचा तळ आम्ही पुरुषांनी तुडवून दगडासारखा केला." मी मान डोलावली. तळ कच्चा राहिला तर मिठात चिखल येतो, सगळं त्या तुडवणीवर.

तेवढ्यात चुलीपासून आमच्या मंडळींचा आवाज आला, "व्हय, आनि मी काय बांधावर बसून गजरा माळत व्हते?"

वाफा केला त्या साली मी बंदरावर हमालीला होतो. वाफा तिनं आणि माझ्या आईनं तुडवला, टाचेला टाच लावून, ओळीनं. ही सात महिन्यांची पोटुशी होती. पण बाप्या माणसानं हे पुस्तकात कसं सांगावं?

"राहू दे बाई. छापलंय ते छापलंय."

"पुस्तक अजून छापायचंय, काका. म्हणून तर आलेय."

बाईंची पेन्सिल मागून घेतली. मग 'पुरुषांनी' खोडून वर 'बायकांनी' लिहिलं. मग 'आम्ही'ही खोडलं. ते जास्त जड गेलं.

ही चहा घेऊन आली. "काय लिवलंत?" मी वाचून दाखवलं. शिवाय मुद्रेपासून शोधनापर्यंत सगळं समजावलं, बाईंनी सांगितलं त्याहून चार वाक्यं जास्तच.

"यवढ्याला यवढा मोठा शब्द?" ती म्हणाली. "मी नुसती खोकले असते तरी तुमाला कळाया पायजे व्हतं."